वकीलपत्रावर सही कोणाची?

मुंबई उच्च न्यायालयात १६ जुलै २०२५ रोजी कोल्हापुरी चपलेचं प्रकरण उभं राहण्याआधीच संपलं. प्राडा या इटालियन कंपनीने चपलेचा घाट उचलल्याबद्दल माफी मागावी, कारागिरांना भरपाई द्यावी, अशी जनहित याचिका अ‍ॅड. गणेश हिंगमिरे आणि इतर वकिलांनी केली होती. मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्या. संदीप मारणे यांच्या खंडपीठाने अधिकाराचाच प्रश्न काढला: चप्पल तुमची नाही, मग दाद मागणारे तुम्ही कोण? याचिका फेटाळली गेली. त्याच आठवड्यात प्राडाची माणसं कोल्हापुरात कारागिरांची कामं पाहत होती.

हे काम सावकाशीचं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावायचं, तळ कापायचा, कान जोडायचे, अंगठा बसवायचा, वेणी घालायची, आणि शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. कमावण्याचं काम परंपरेने ढोर समाजाकडे, शिवणं चर्मकारांकडे. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला. चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आहेत, तसेच बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही. सीमाप्रश्नावर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं, लिडकॉम आणि लिडकर, इथे मात्र सहमालक आहेत.

पण हे मानांकन नावाचं रक्षण करतं, घाटाचं नाही; आणि तेही भारतापुरतं. २२ जूनला मिलानमध्ये प्राडाने चप्पल दाखवली ती नुसती ‘चामडी सँडल’ म्हणून. कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तर दावा कशावर लावायचा?

परदेशी कंपनीकडून भरपाई मागताना वकील कोणाच्या वतीने बोलतो, हा पेच भोपाळने चाळीस वर्षांपूर्वीच दाखवला. डिसेंबर १९८४ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात झालेल्या वायुगळतीनंतर काही दिवसांतच अमेरिकन वकील तिथल्या वस्त्यांत वकीलपत्रांवर अंगठे घेत फिरू लागले. भरपाईतला वाटा हीच त्यांची फी. भारतीय वकिलाला असा वाटा घेणंही निषिद्ध आणि अशील शोधत फिरणंही. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने लढण्याचा हक्क केंद्र सरकारला दिला. भारतीय न्यायव्यवस्था हा खटला चालवायला समर्थ आहे, असं प्रतिज्ञापत्र मुंबईच्या नानी पालखीवालांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिलं, तेही युनियन कार्बाइडच्या बाजूने. मे १९८६ मध्ये तिथले न्या. कीनन यांनी प्रकरण भारतात धाडलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना कोणी विचारलं नाही. मुंबईत वकिली सुरू केलेले आणि कार्बाइडची बाजू मांडणारे फली नरिमन यांनी उतारवयात त्या खटल्याबद्दल खंत बोलून दाखवली.

म्हणून खंडपीठाने विचारलेला प्रश्न तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. हेतू कितीही चांगला असो, ज्याचं नुकसान झालं त्याच्या सहीशिवाय त्याची लढाई लढू नये. अडचण अशी, की मानांकनाची मालकी कारागिराच्या स्वतःच्या संस्थेकडे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातच वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी ऊस उत्पादकांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. दूध संघ आला, वारणा बाजार आला. तिथला शेतकरी सभासद आहे, वार्षिक सभेत तो संचालकांना जाब विचारू शकतो. चपलेचा कारागीर महामंडळाचा लाभार्थी आहे, सभासद नाही. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाशी करार झाला: सुमारे २,००० जोड, किंमत ८०० युरोंच्या आसपास, कारागिरांना प्रशिक्षण. तोही महामंडळांच्याच नावे.

१९९९ च्या मानांकन कायद्यात मात्र एक वाट आहे. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद झालेला कारागीर उल्लंघनाविरुद्ध स्वतः दावा लावू शकतो. ढोर-चर्मकारांसारख्या अनुसूचित जातीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. आणि याचिका फेटाळल्यानंतर सुमारे महिन्याभराने, १८ ऑगस्ट २०२५ पासून, कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. मानांकनातले महाराष्ट्राचे चारही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.