एका आज्ञार्थाचा इतिहास

आमच्या एका विद्यार्थिनीच्या वाकलेल्या कण्यावर शस्त्रक्रिया ठरली. मुंबईला निघण्यापूर्वी, मेहकरजवळच्या त्या मुलीने आम्हांस विचारले, "सर, मशीन हाये म्हणतेत, मंग मले मधातच काऊन उठवतीन?" या प्रश्नामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

अमेरिकेतील पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली पोलादी सळईने कणा सरळ करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण त्या ताणाने मज्जारज्जूला इजा झाली, तर ती भूल उतरल्यावरच कळे. तोवर उशीर झालेला असे.

१९७३ साली फ्रान्समधील वोझेल, स्तान्यारा आणि सहकाऱ्यांनी साधा उपाय मांडला. सळई बसली की भूल हलकी करावी, रुग्णाला आधी हात दाबायला व मग पायाची बोटे हलवायला सांगावे. हात आधी का? तर रुग्णाला आपले बोलणे कळते आहे, याची खात्री व्हावी म्हणून. हात हलला आणि पाय हलला नाही, तर ताण तत्काळ सैल करायचा. बहुतेकांना हे जागेपण नंतर आठवतही नाही.

त्याच दशकात जपान व अमेरिकेत विजेची मदत घेतली गेली. घोट्याजवळच्या मज्जातंतूला स्पंदन द्यायचे आणि डोक्यावर त्याची लहर टिपायची. लहरीची उंची निम्म्याने घटली, तर धोक्याचा इशारा. परंतु ही वाट संवेदनांची, मज्जारज्जूच्या मागल्या भागातली. हालचालींच्या वाटा वेगळ्या असल्याने, लहर शाबूत असूनही पाय लुळे पडल्याची उदाहरणे घडली. १९८० साली इंग्लंडमध्ये मर्टन व मॉर्टन यांनी कवटी न उघडता मेंदूला विद्युत्स्पंदन देऊन स्नायू हलवून दाखवले. १९९०च्या दशकात स्पंदनांची मालिका देण्याची युक्ती सापडली आणि भुलेतही ही परीक्षा शक्य झाली. आज दोन्ही वाटांवर एकाच वेळी पहारा असतो.

तरीही लहर अचानक हरवली आणि दोष यंत्राचा की मज्जारज्जूचा हे उमगेना, तर रुग्णाला जागे करण्याचा जुना मार्ग उरतोच. म्हणून आदल्या दिवशी सराव करून घेतात. तो रुग्णाच्या बोलीत व्हावा, असे आम्हांस वाटते.

२०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील भावी डॉक्टरांनी शरीरशास्त्राबरोबर वऱ्हाडीही कानांत साठवावी. अर्धवट शुद्धीत माणसाला आईची भाषा आधी ऐकू येते, असा आमचा समज आहे. आम्ही त्या मुलीला एवढेच सांगितले : "बोटं हालव म्हटलं, की हालवजो."