न रंगवलेल्या जीपची पाठचिकित्सा

गेल्या पावसाळ्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या एका गावी, गुऱ्हाळाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, विकाऊ असलेली एक जीप आम्ही पाहून आलो. ती विकत घेण्याचा इरादा होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. मुळीच नव्हता असे म्हटले तर ते खोटे ठरेल. एका स्नेह्याने निरोप धाडला होता तो असा : दुसऱ्या महायुद्धातली, डाव्या हाताची, काहीही न केलेली. या शेवटच्या तीन शब्दांनी आम्हांला दोन एस.टी. बदलायला लावल्या.

‘काहीही न केलेली’ हे जुन्या गाड्यांच्या बाजारातले आज सर्वांत मोलाचे विशेषण झाले आहे. पूर्वी असे नव्हते. नवा रंग, नवे क्रोम, नवे हूड, आरशासारखे बॉनेट अशी गाडी म्हणजे जपलेली गाडी, असे समजले जाई. आता गंजलेला पत्रा, उडालेला रंग आणि फाटलेली सीट यांनाच अधिक भाव येतो, आणि घेणारा ती सीट शिवून घेऊ नका म्हणून मालकाला बजावतो. या रुचिपालटाला निव्वळ श्रीमंतांचे खूळ म्हणून बाजूला सारता आले असते. पण साहित्याच्या अभ्यासकांना हा वाद फार ओळखीचा वाटावा. मूळ संहिता कोणती, तिच्यात कोणी हात घातला, आणि घातलेला हात पुसायचा की ठेवायचा, हाच तो वाद आहे. फरक एवढाच की येथे पोथीला चार चाके आहेत आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचतो.

जीपचा जन्म घाईत झाला. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ उत्पादकांना एका हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या टेहळणी गाडीचे तपशील पाठवले आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून काही दिवसांत आराखडा काढून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, गाडी मेरीलँडच्या कॅम्प होलाबर्डला नेऊन उभी केली. लष्कराने मग ते आराखडे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही दाखवले. विलिसचे साठ अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले, १९४१ मध्ये मोठे कंत्राट विलिसला मिळाले, आणि एकट्या कारखान्याला मागणी झेपेना म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डही जीप बनवू लागली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या. बँटमच्या वाट्याला सुमारे २,७०० गाड्या आल्या. पुढे तिने ट्रेलर बनवले. आद्य कवीचे नाव विसरले जावे आणि लेखनिकांची घराणी प्रसिद्ध व्हावीत, तसेच हे झाले.

सैनिकी जीपपाशी उभे राहिले की घाईतही केवढा विचार झाला होता ते कळते. समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. दिवे बिजागरीवर बसवलेले आहेत. चापाचे बोल्ट सैल करून दिवा उलटा फिरवला की त्याचा उजेड इंजिनावर पडतो आणि रात्री दुरुस्ती करता येते. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे आहेत : एक पुढची चाके जोडण्याचा, दुसरा जड चढणीचा. शोभेसाठी म्हणून एकही वस्तू नाही. पुढे ज्या चेहऱ्याला जगभर ‘जीपचा चेहरा’ म्हणून ओळखू लागले ती नऊ उभ्या फटींची जाळीही पत्र्याच्या एका ठोक्यात तयार होते म्हणून फोर्डने काढलेली. त्याआधी विलिस लोखंडी पट्ट्या जोडून ती बनवत असे.

आता पेच येथे आहे. ही वस्तू अद्वितीय नसावी यासाठीच रचली गेली होती. विलिसचा भाग फोर्डला आणि फोर्डचा विलिसला बसलाच पाहिजे, ही लष्कराची अटच होती. वॉल्टर बेन्यामिनने १९३६च्या सुमारास यांत्रिक पुनरुत्पादनाबद्दल लिहिताना मूळ कलाकृतीभोवतीचे वलय प्रतींमध्ये विरून जाते असे मांडले. जीपच्या बाबतीत प्रवास उलटा झालेला दिसतो. कारखान्यातून निघताना तिच्याभोवती वलय नव्हते. ते तिला नंतर, वापरामुळे, मिळाले. म्हणूनच नवी रंगवलेली जीप पाहून आम्हांला काही होत नाही. ती पुन्हा सहा लाखांतली एक होऊन बसते.

शेडमधल्या जीपचे बॉनेट उचलले आणि ‘काहीही न केलेली’ हे विशेषण जागच्या जागी कोसळले. आत विलिसचे पेट्रोल इंजिन नव्हतेच. दुसऱ्याच कुठल्याशा गाडीचे डिझेल इंजिन, वेल्डिंग केलेल्या कानांवर, ओळखीच्या पाहुण्यासारखे ऐसपैस बसले होते. मालक — सारे गाव त्यांना नाना म्हणते, आम्हीही तेच म्हणू लागलो — जराही ओशाळले नाहीत. “आवो, पेट्रोल कुणाला परवडतंय? गाडी बंद ठिवली आस्ती तर कवाच भंगारात गेली आस्ती.” या एका वाक्यात जो युक्तिवाद आहे त्याचे उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही.

चासीखाली वाकून पाहिले तर पुढचा आडवा दांडा चौकोनी घडणीचा, म्हणजे चासी फोर्डची. विलिसचा असता तर तो गोल नळीचा असता. काही बोल्टांच्या माथ्यांवर फोर्डचे एफ हे अक्षरही होते. आपल्या मालावर आपली मोहोर असावी हा हेन्री फोर्डच्या कंपनीचा हट्ट बोल्टापर्यंत उतरला होता. पण डॅशबोर्डवरची पट्टी विलिसची. ही सरमिसळ कधी झाली? लष्कराच्या कार्यशाळेत १९४४ साली, लिलावानंतर, की नानांच्या वडिलांच्या काळी? तिन्ही ठिकाणी तसे होणे स्वाभाविक होते. मूळ जीप म्हणून जी आपण कल्पितो ती कदाचित कारखान्याच्या फाटकापर्यंतच असते.

युरोपात हा वाद इमारतींवरून झाला. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक हा वास्तुविशारद जीर्णोद्धाराची व्याख्याच अशी करी की वास्तूला अशा पूर्णावस्थेत न्यायचे, जी कदाचित कोणत्याही एका काळी तिची नव्हतीच. आणि कार्कासॉनच्या तटबंदीवर त्याने ते करूनही दाखवले. इंग्लंडात जॉन रस्किनने १८४९ सालीच जीर्णोद्धार म्हणजे असत्य, असे बजावले होते, आणि विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली ती जीर्णोद्धारकांपासून रक्षण व्हावे म्हणूनच. आलोइस रीगल या व्हिएन्नाच्या कलेतिहासकाराने १९०३ साली या भांडणाला शांत शब्द दिले : वस्तूला जसे ऐतिहासिक मूल्य असते तसे निव्वळ वयाचे मूल्यही असते, आणि ही दोन मूल्ये एकमेकांशी जमवून घेतीलच असे नाही. गंजाच्या ओढीची याहून प्रामाणिक मीमांसा आमच्या वाचनात नाही.

पण आपल्याला एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. अपपाठ काढले, पोथी निर्मळ केली आणि पुढे कोणी तिच्यात भर घालू नये असे बजावून ठेवले. हा आपल्या भाषेतला जीर्णोद्धार. आणि तो झाला नसता तर आपल्या हाती काय आले असते याची कल्पनाही करवत नाही. मात्र एकनाथांनी जे गाळले ते गाळल्याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. याउलट पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले. १९२५ पासून वि. स. सुखटणकरांनी त्याला जी शिस्त घालून दिली तिच्यात प्रक्षिप्त ठरलेला मजकूरही फेकला गेला नाही. तळटिपांत आणि परिशिष्टांत तो सांभाळला गेला. १९६६ साली संहिता पुरी झाली तेव्हा वाचकाच्या हाती मूळ आणि भर दोन्ही होते. आम्हांला वाटते, जुन्या जीपला रंग लावू इच्छिणाऱ्याने दुरुस्तीची पुस्तिका उघडण्याआधी या खंडांचे एखादे पान पाहावे.

भारतातली जीप ही तर परिशिष्टांनीच बनलेली आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रबरी टायर काढून लोखंडी चाके चढवलेल्या जीपनी रुळांवरून डबे ओढले. युद्ध संपल्यावर उरलेला माल निघाला आणि त्यातल्या जीप जंगल-ठेकेदार, साखर कारखाने, मळेवाले यांच्याकडे गेल्या. १९४८ मध्ये लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी डागडुजी केलेल्या जुन्या जीप खरेदी करण्याचा करार नेहमीची पद्धत डावलून केला. ८० लाख रुपयांच्या या व्यवहारात १५५ जीप आल्या, आणि त्याही निकषांना उतरल्या नाहीत. स्वतंत्र भारतातला हा पहिला गाजलेला घोटाळा मानतात. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले. आमच्या लोकशाहीने खाल्लेला पहिला मोठा ठोका ‘रंग लावून नवी केलेली जीप’ हा होता, ही गोष्ट या विषयात विसरण्यासारखी नाही.

त्याच काळात मुंबईत दुसरी हकिकत घडत होती. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीतले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. माझगावात विलिसचे सुटे भाग जोडून जीप उभ्या राहू लागल्या. विलिसने १९५३ मध्ये काढलेल्या उंच बॉनेटच्या जीपचा अवतार तर अमेरिकेत बंद पडल्यावरही आपल्याकडे दशकानुदशके चालू राहिला. फिलिपिन्समध्ये हीच सैनिकी जीप लांबवून, चितारून, नटवून तिची जीपनी झाली. आपल्याकडे तिचे रूपांतर झाले नाही, तिला हुद्दा मिळाला. खेड्यात जीपचा आवाज आला की सरकार आले, असा अर्थ होई : मामलेदार, फौजदार, आणीबाणीत नसबंदीची पथके, निवडणुकीत कर्णा. मराठी ग्रामीण कथेत जीप सहसा धुरळ्यासकट येते आणि तिच्यातून उतरणाऱ्याला पाहून माणसे उभी राहतात, ते उगीच नाही.

नानांच्या जीपच्या टबवर, मागच्या चाकावरच्या फुगवट्याशी, रंगाचे पापुद्रे सुटले होते. वर मळकट हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पांढरा, आणि अगदी तळाशी पुन्हा हिरवा. पण तो वेगळा, पिवळट झाक असलेला. मागच्या फळीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी अक्षरे, एका धुलाईत अर्धवट गेलेली. निळा रंग कुठल्या खात्याचा ते नानांना सांगता आले नाही. पांढऱ्याबद्दल ते हसले : एका निवडणुकीत ही गाडी तीन आठवडे भाड्याने गेली होती आणि परत आली ती पांढरी होऊन.

या जीपला कायद्यात मात्र जागा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. वेगळी व्हीए मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे जी जीप कोण्या संस्थानिकाच्या पागेत आच्छादनाखाली झोपून राहिली ती वारसा, आणि जी साठ वर्षे ऊस, बी-बियाणे, बाळंतिणी आणि मतपेट्या वाहत जगली ती नियमबाह्य. नियम करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण या रेघेने वापराला अपपाठ ठरवले आहे, हे निदान म्हणून ठेवू.

आमच्या बाजूची एक गोष्टही लपवू नये. नाना ती जीप विकत होते ते औषधपाण्याच्या खर्चासाठी. रंग लावला असता तर गिऱ्हाईक लवकर मिळाले असते, हे त्यांना ठाऊक होते. आणि आम्ही, ज्यांना ती घ्यायची ऐपत नव्हती, त्यांना थरांचे महत्त्व समजावून सांगत होतो. गंजाचे सौंदर्य बहुधा त्यालाच दिसते ज्याला त्या गाडीने सकाळी कारखान्यावर जायचे नसते. नानांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमी म्हणताय ते खरं आसंल, पर घेणारा तुमी न्हाई.”

मग आम्ही जे करता येण्यासारखे होते ते केले. दुपारभर टॉर्च घेऊन चासीचा क्रमांक, पट्टी, बोल्टांची अक्षरे, वेल्डिंगचे कान, पापुद्रे, मागची फळी या साऱ्यांची छायाचित्रे घेतली आणि नानांकडून जेवढ्या हकिकती मिळाल्या तेवढ्या वहीत उतरवल्या. एक प्रत त्यांच्यापाशी ठेवली आणि जो घेईल त्याला गाडीबरोबर द्या, अशी विनंती केली. त्यांनी ती आर. सी. बुकाच्या पिशवीत सरकवली.

दिवाळीनंतर जीप गेली. महाबळेश्वरच्या वाटेवर पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्या एका गृहस्थाने ती घेतली. आता ती फाटकापाशी उभी असते, ताज्या हिरव्या रंगात, बॉनेटवर गोलातला पांढरा तारा. त्या चार थरांत तारा कुठे नव्हता. आत इंजिन मात्र तेच डिझेलचे आहे. वहीबद्दल विचारले तेव्हा तिथला व्यवस्थापक म्हणाला की कागद सगळे मालकांकडे असतात.