रुळांवरची बाजारपेठ

नवी मुंबईत सीवूड्स-दारावे स्थानकावर लोकलमधून उतरून जिना चढले, की रस्ता न ओलांडता थेट दुकानांत शिरता येते. खाली गाड्या धावतात आणि वर कपडे, चपला, खाद्यपदार्थ यांची विक्री चालते. स्थानकाच्या डोक्यावर बाजार कसा बरे आला? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि शेतकऱ्यांचे आंदोलन अशा तीन ठिकाणी जावे लागले.

आधी भौतिकशास्त्र पाहू. वाफेच्या इंजिनातून धूर, ठिणग्या आणि गरम वाफ बाहेर पडते. अशा रुळांवर छत घालून वर माणसे बसवणे म्हणजे चुलीच्या धुराड्यावर घर बांधणे. ८ जानेवारी १९०२ रोजी न्यूयॉर्कच्या एका बोगद्यात धुरामुळे चालकाला सिग्नल दिसला नाही आणि दोन गाड्यांची टक्कर होऊन किमान १५ माणसे दगावली. त्यानंतर तेथे वाफेच्या इंजिनांवर कायद्याने बंदी आली. विजेच्या गाड्या आणणे भाग पडले. पण एवढा खर्च कोण करणार? रेल्वेचे मुख्य अभियंता विल्यम विल्गस यांनी तोड काढली. विजेच्या गाडीला धूर नाही, म्हणजे रुळांवरची मोकळी जागा झाकता येते. आणि झाकता येते, म्हणजे ती भाड्याने देता येते. जागा जमिनीची नव्हे, तिच्यावरच्या हवेची! या उत्पन्नाच्या आधारावर ग्रँड सेंट्रल हे स्थानक १९१३ साली उभे राहिले.

आता आपल्याकडे वळू. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. सरकारने जमीन संपादन करायची, ती सिडकोने विकसित करून विकायची आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, शाळा उभ्या करायच्या, असे हे गणित होते. रेल्वेही त्याच गणितात बसवली गेली. मानखुर्द-बेलापूर मार्गाच्या खर्चातील ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. मे १९९२ मध्ये गाडी वाशीला पोचली, १९९३ साली बेलापूरला. वाशीचे स्थानक बांधतानाच त्याच्या इमारतीत कार्यालयांना आणि दुकानांना जागा ठेवली गेली. रेल्वेमुळे जागेला किंमत येते आणि त्या किमतीतून रेल्वेचा खर्च निघतो. विल्गस यांचाच हिशेब येथे वेगळ्या रूपात दिसतो.

सीवूड्सला हा हिशेब सर्वांत मोठा झाला. २००८ साली स्थानकालगतच्या सुमारे ४० एकर जागेचे हक्क १,८०९ कोटी रुपयांच्या बोलीवर एका बांधकाम कंपनीला मिळाले. २०१७ साली स्थानकावरील बाजारसंकुल खुले झाले. अशा इमारतीचे खांब वास्तुविशारदाच्या मर्जीने उभे राहत नाहीत. ते दोन रुळांच्या मधल्या जागेत किंवा फलाटावरच यावे लागतात. छताची उंची ठरवताना डब्याची उंची आणि त्यावरील विजेच्या तारेपासून सुरक्षित अंतर, दोन्ही धरावी लागतात. शिवाय दर गाडीगणिक जमिनीला बसणारी थरथर वरच्या मजल्यांपर्यंत कमीत कमी पोचेल, हेही पाहावे लागते. थोडक्यात, वरच्या दुकानांचा नकाशा खालच्या गाड्या आखतात.

परंतु या हिशेबात एक रकाना सहज निसटतो. ज्या जमिनीची किंमत वाढली, ती मुळात कोणाची होती? नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेण्यात आली. भातशेती आणि मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. रेल्वेमुळे वाढलेल्या किमतीवर शेतकऱ्याचाही हक्क आहे, हे मान्य व्हायला एवढी मोठी किंमत मोजावी लागली.

जानेवारी २०२४ पासून सीवूड्सहून सुटणाऱ्या वाटेने लोकल थेट उरणपर्यंत जाते. तिकडच्या नव्या स्थानकांभोवतीही आता जागांचे भाव चढतील. आपल्या गावाजवळ एखादा रस्ता, स्थानक किंवा धरण झाले असेल, तर विद्यार्थ्यांना एक काम जरूर द्यावे. त्याआधी आणि त्यानंतर जमिनीचा भाव काय होता, हे जुन्याजाणत्यांना विचारून दोन रकाने भरावेत. तिसऱ्या रकान्यात, वाढलेला फरक कोणाच्या हाती गेला ते लिहावे. भागाकार-वजाबाकीचे हे गणित कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा आम्हाला तरी ठाऊक नाही.