नेतृत्वाचा कोर्स की चळवळीची शाळा?

आज आपल्या मुलांना नेतृत्व शिकवायला सगळेच तयार आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली 'जीवन कौशल' हा अभ्यासक्रम आणला. संवाद, व्यावसायिक कौशल्ये, नेतृत्व व व्यवस्थापन आणि मानवी मूल्ये असे त्याचे चार भाग, एकूण 8 क्रेडिट. शिवाय व्यक्तिमत्त्व विकासाचे खासगी क्लास आहेतच.

आमचा अशा कोर्सना सरसकट विरोध नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतून घरातला पहिलाच पदवीधर होणाऱ्या मुलाला किंवा मुलीला चारचौघांत न घाबरता बोलता आलेच पाहिजे. पण आमचा एक प्रश्न आहे. हे नेतृत्व कोणासाठी? स्वतःच्या पगारासाठी, की समाजासाठी? कोर्स तपासायचा तो याच प्रश्नावर, आणि त्याचे माप आपल्या इतिहासातच आहे.

18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची आपली खंत बोलून दाखवली. शिकून मोठे झालेले लोक समाजाकडे पाठ फिरवतात, हे त्यांचे दुःख होते. त्यावर ते नुसते हळहळत बसले नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत त्यांनी राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत 15 विद्यार्थी होते. कामकाज पाहायला कोणी फर्डा वक्ता नव्हे, तर सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल रेगे होते. यातच सगळे आले. ज्याने वाचले नाही, त्याने लोकांपुढे उभे राहू नये!

ही कल्पना एका दिवसात सुचलेली नव्हती. 1946 साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि तिथे बाबासाहेब स्वतः बोलले. कायदा, ठराव, विरोधी मत, मतदान यांची सवय मुलांना कॉलेजातच लागत होती. पुढे वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या तरुणांच्या चर्चांतून चळवळीला कार्यकर्ते मिळाले आणि 1972 साली दलित पँथर उभी राहिली. पँथरच्या पोरांकडे नेतृत्वाचे सर्टिफिकेट नव्हते. वाचन होते, अन्यायाची चीड होती आणि गावोगाव जाण्याची तयारी होती.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. त्यांची शाळाही काही महिन्यांत बंद पडली. पहिली तुकडी तीच शेवटची ठरली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत गटागटांत फुटला. शाळा चालू राहिली असती तर पक्ष फुटलाच नसता, असे आम्ही म्हणणार नाही. पण पुतळे, कमानी आणि जयंतीच्या मिरवणुकी आपण वाढवल्या, ती शाळा मात्र पुन्हा उभी केली नाही. याचा जाब आपण कोणाला विचारायचा?

दुसरीकडे सरकारची गंमत बघा. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गेल्या. 2016 च्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली, तरी वर्षानुवर्षे त्या झाल्या नाहीत. म्हणजे नेतृत्वाचे क्रेडिट घ्या, पण नेता निवडू नका! पोहण्याचे पुस्तक हातात द्यायचे आणि विहिरीला कुलूप लावायचे, असा हा प्रकार.

म्हणून मित्रांनो, कोणताही कोर्स लावण्याआधी तीन गोष्टी विचारा. यात वाचायला काय आहे? संविधान, अर्थकारण, जातीचा इतिहास आहे, की नुसत्या यशाच्या गोष्टी? यात प्रश्न विचारायला, विरोधी मत मांडायला जागा आहे का? आणि कोर्स संपल्यावर तुम्ही वस्तीत परत येऊन शिष्यवृत्तीचा अडलेला अर्ज, जातपडताळणीची फाईल, नगरपालिकेकडची तक्रार हाताळू शकाल का?

तिन्ही उत्तरे 'नाही' असतील, तर तो कोर्स नोकरीसाठी जरूर करा, पण त्याला नेतृत्व म्हणू नका. नेतृत्वाची शाळा आपल्यालाच काढावी लागेल. 1927 साली बाबासाहेबांनी ज्या बदलापुरात शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद भूषवले, तिथून उल्हासनगरपर्यंत आपल्या किती विहारांत आज वाचनालय आहे, ते मोजा. जिथे नाही, तिथे 15 मुलामुलींपासून सुरुवात करा. बाबासाहेबांनीही 15 जणांपासूनच केली होती.

जय भीम!