ग्राफिक्स कार्ड निवडताना

मुळशी तालुक्यातील हिंजवडी व माण या गावांच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि संगणकावर उपजीविका करणारा मोठा वर्ग या परिसरात वस्तीला आला. सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवण्याची हौस असणाऱ्यांचा येथे तोटा नाही. या जुळणीत बहुधा सर्वाधिक पैसे खाणारा आणि निवडताना सर्वाधिक गोंधळात टाकणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणे हे या कार्डाचे मूळ काम. त्यासाठी ते असंख्य लहान हिशेब एकाच वेळी करते. २००७ मध्ये एनव्हिडियाने ‘कुडा’ ही प्रणाली उपलब्ध केली आणि हीच शक्ती खेळांपलीकडच्या गणितांसाठीही सहज वापरता येऊ लागली.

निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करावी. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट. फुल एचडी मॉनिटर असलेल्याने फोर-केसाठीचे महागडे कार्ड घेणे म्हणजे बहुतांशी पैसे वाया घालवणेच.

त्यानंतर काम पाहावे. कार्यालयीन कामे, प्रोग्रॅमिंग आणि ऑटोकॅडमधील साधी द्विमितीय रेखाटने यांना प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरते. मात्र नावाअखेर ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ही सोय नसते. ब्लेंडरमधील त्रिमितीय काम, व्हिडिओ संपादन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग यांना स्वतंत्र कार्ड लागते. ‘कुडा’वर अवलंबून असलेले सॉफ्टवेअर वापरायचे असेल, तर एनव्हिडियाचे कार्ड घ्यावे. केवळ खेळांसाठी एएमडीचा पर्यायही जरूर तपासावा.

नावातील मोठा आकडा पाहून भुलू नये. २०२१ मधील ‘आरटीएक्स ३०६०’च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी मेमरी होती, २०२३ मधील ‘आरटीएक्स ४०६०’मध्ये ती ८ जीबीच आहे. नवे कार्ड खेळांत अधिक वेगवान असून १७० ऐवजी ११५ वॅट वीज घेते. परंतु काम ८ जीबीत मावत नसेल, तर जुनेच कार्ड सरस ठरते.

विजेचा हिशेबही आधीच मांडावा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि आठ पिनांच्या जोडणीतून आणखी १५०. एसएमपीएस त्या ताकदीचा व खात्रीचा हवा. मुळशीच्या पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो, म्हणून यूपीएस आलाच. मात्र ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. मोठे कार्ड पूर्ण भारावर असताना वीज गेली, तर तो तत्क्षणी बंद पडण्याचा संभव असतो. दमट हवेत पंख्यांवर धूळ चिकटून बसते, त्यामुळे त्यांची नियमित सफाई करावी. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये बसते की नाही, हेही मोजून पाहावे.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे ग्राफिक्स कार्डावरील ‘मायनिंग’ थांबले आणि दिवसरात्र राबवलेली अनेक कार्डे विक्रीस आली. जुने कार्ड घेताना अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान व पंख्यांचा आवाज तपासावा आणि मूळ बिलावरील अनुक्रमांक कार्डाशी पडताळून पाहावा.

मॉनिटर, काम, मेमरी आणि वीज यांचा विचार झाल्यावरच किमतीकडे वळावे. हा क्रम उलटला, की खिसा रिकामा होतो आणि कामही अडते.