पाठमोरें आसन

मोटार ही वस्तु नवी होती तेव्हां तिच्यांतून प्रवास करणाऱ्या तान्ह्या मुलाचा निराळा विचार करण्याची गरज कोणास वाटली नाहीं. मूल आईच्या मांडीवर बसे, आणि मांडीहून सुरक्षित जागा जगांत दुसरी नाहीं, अशी सर्वांची श्रद्धा होती. घरांत ती श्रद्धा खरी असेल. धांवत्या वाहनांत ती टिकत नाहीं. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारी मोटार कशावर तरी आदळली, तर मोटार क्षणांत थांबते. आंतील माणसें मात्र त्याच वेगानें पुढें जाऊं पाहतात. दहा किलो वजनाच्या बाळास त्या निमिषांत धरून ठेवावयाचें म्हणजे दोनशें-तीनशें किलोंचा ओढा पेलावयाचा. कोणत्याहि मातेच्या बाहूंत एवढें बळ नसतें. हें साधें गणित ध्यानांत घेऊन बालकासाठीं आसन घडविण्यास मोटारीच्या जन्मानंतर जवळजवळ ऐंशी वर्षें जावीं लागलीं.

मुलांचीं आसनें त्यापूर्वीं नव्हतीं असें नाहीं. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांतच तीं विकलीं जाऊं लागलीं होतीं. पण त्यांचा हेतु निराळा होता. मूल उंचावर बसावें, त्याला खिडकीबाहेरचें दिसावें, आईबापांना तें दिसावें आणि त्यानें मोटारींत लुडबुड करूं नये, एवढीच अपेक्षा असे. कांहीं आसनें पुढच्या बैठकीच्या पाठीवर नुसत्या आंकड्यांनीं अडकविलेलीं असत. थोडक्यांत म्हणजे तीं सोयीचीं आसनें होतीं, रक्षणाचीं नव्हतीं. पुढें १९५९ सालीं स्वीडनमध्यें निल्स बोलिन यांनीं तीन ठिकाणीं बांधला जाणारा पट्टा तयार केला. त्यानें असंख्य प्रौढांचे प्राण वांचविले. पण तो प्रौढांच्या हाडापेरांसाठीं होता. तान्ह्या मुलाला तो उपयोगी पडणारा नव्हता.

या प्रश्नाचें उत्तर शोधलें तें स्वीडनमधीलच एका वैद्यानें. बर्टिल आल्डमन हे त्यांचें नांव. अमेरिकेंत त्या वेळीं जेमिनी यानांची तयारी चालू होती. उड्डाणाच्या वेळीं अंतराळवीर पाठीवर पहुडलेले असतात, त्यामुळें वेगाचा प्रचंड दाब एका जागीं न एकवटतां सर्व पाठीवर पसरतो. आल्डमन यांनीं हें तत्त्व मोटारीस लावलें. मोटार पुढें जात असतां मुलाची पाठ पुढच्या दिशेस असली, तर समोरून आघात होतांच मूल आसनाच्या पाठींतच दाबलें जाईल. डोकें, मान व पाठ यांना एकाच वेळीं आधार मिळेल. १९६४ सालीं अशा आसनाचा पहिला नमुना व्होल्वो कंपनीच्या मोटारींत तपासण्यांत आला. १९७२ सालीं त्या कंपनीनें मुलांसाठीं खास पाठमोरें आसन बाजारांत आणलें.

हें आसन प्रभावी कां, याचें कारण बालकाच्या देहरचनेंत आहे. अर्भकाचें डोकें त्याच्या एकंदर उंचीच्या सुमारें चौथा हिस्सा असतें. एवढें जड डोकें ज्या मानेनें तोलावयाचें, तिचे मणके अद्याप पुरतेपणीं हाडाचे झालेले नसतात; त्यांचे भाग कूर्चेनें सांधलेले असतात आणि ते पूर्णपणें जुळण्यास कित्येक वर्षें लागतात. मूल समोर तोंड करून बसलें असेल, तर पट्टा त्याचें धड अडवितो, पण डोकें झटक्यानें पुढें फेंकलें जातें व सारा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या मुलाचे पाय दुमडलेले पाहून आईबापांना वाईट वाटतें. परंतु मोडलेला पाय सांधतां येतो, तुटलेला मज्जारज्जु सांधतां येत नाहीं.

विज्ञानानें वाट दाखविली तरी लोकमत मागून येतें. अमेरिकेंत टेनेसी राज्यामध्यें रॉबर्ट सँडर्स या बालवैद्यांनीं खटपट करून मुलांच्या आसनांचा कायदा करवून घेतला. तो १९७८ सालीं अमलांत आला आणि त्या देशांतील असा तो पहिलाच कायदा होता. पण त्यांतहि प्रथम एक पळवाट ठेवलेली होती: मूल कोणाच्या हातांत असेल तर आसन नसलें तरी चालेल! मांडीवरील ती जुनी श्रद्धा कायद्यांतहि शिरली होती. १९८१ सालीं ती पळवाट बंद करण्यांत आली, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनीं असे कायदे केले.

पुढची वाटहि सरळ नव्हती. प्रौढांच्या रक्षणासाठीं आलेली एअरबॅग पुढच्या बैठकीवरील पाठमोऱ्या आसनावर आदळून अर्भकें दगावल्याच्या घटना १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत घडल्या. तेव्हांपासून असें आसन चालूं एअरबॅगसमोर कधींहि ठेवूं नये, हा नियम दृढ झाला. २००७ सालीं एका अभ्यासानें पाठमोऱ्या आसनाचा लाभ मोठ्या आंकड्यांनीं मांडला. २०११ सालीं अमेरिकन बालवैद्यांच्या संस्थेनें निदान दोन वर्षांपर्यंत मूल पाठमोरें बसवावें असें सुचविलें. परंतु त्या आंकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हां ते टिकले नाहींत, आणि सुमारें दहा वर्षांनीं तो अभ्यास मागें घेण्यांत आला. २०१८ सालीं संस्थेनें वयाची अट काढून, आसनाच्या उंची-वजनाच्या मर्यादेंत मूल बसतें तोंवर पाठमोरेंच ठेवावें, असें सांगितलें. आंकडा चुकला, पण मानेचें शरीरशास्त्र चुकलें नव्हतें. आणि चूक उघडपणें कबूल केल्यानें उपदेशाचें वजन घटलें नाहीं, वाढलेंच.

हिंदुस्थानांत २०१९ सालच्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें किंवा बालआसनानें सुरक्षित न करतां मोटार चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड ठरविण्यांत आला. तरीहि पुढच्या बैठकीवर, आईच्या मांडीवर, रस्त्याची मौज पाहणारें बाळ हें दृश्य आपल्या शहरांतून नाहींसें झालेलें नाहीं. त्यांत प्रेमाची उणीव मुळींच नाहीं. पण बाळाचें तोंड आपल्याकडे असावें ही आईबापांची हौस आहे, आणि त्याची पाठ पुढें असावी ही बाळाच्या मानेची गरज आहे. प्रवासापुरती ही हौस आवरणें, हेंहि वात्सल्यच होय.