नाव कोणत्या वहीत?

वास्कोहून मुरगाव बंदराकडे जाताना आम्हांला एक जुना प्रश्न हटकून आठवतो. ऐन उमेद ज्याने ओझी वाहण्यात घालवली, त्याला उतारवयात काम कोणी द्यावयाचे?

भारतातील गोद्यांत पूर्वी रोजगार मुकादमाच्या मर्जीवर चाले. जहाज धक्क्याला लागले की दंडात बळ असलेल्याची निवड आधी होई आणि पन्नाशीला टेकलेला गडी रित्या हाताने घरी परते. 1948च्या गोदी कामगार कायद्याने ही रीत मोडली. कामगाराचे नाव वहीत नोंदले जाऊ लागले, काम पाळीपाळीने मिळू लागले आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीभत्ता ठरला. वय वाढले म्हणून पाळी चुकत नसे. 1961च्या मुक्तीनंतर आणि 1963 साली मुरगाव प्रमुख बंदर झाल्यानंतर ही व्यवस्था येथेही आली, गोदी कामगार मंडळ स्थापन झाले.

पुढे 1979 साली खनिज भरण्याचे यांत्रिक संयंत्र सुरू झाले. 1997च्या कायद्याने अशी मंडळे बंदरांत विलीन करण्याची वाट मोकळी केली. हातांची गरज आटत गेली.

खरी कसोटी लागली ती 2012 साली. खाणी बंद पडल्या आणि डिचोलीचे खनिज मांडवीतून मुरगावला आणणाऱ्या बार्जी नांगरून पडल्या. 'शेवटी आलेला आधी जाईल' हा औद्योगिक विवाद कायद्यातील नियम जुन्या कामगाराची ढाल होता. पण सारी खाणच थांबली, तेथे आधी काय आणि नंतर काय! 21 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काम बुडालेल्या काळातील निम्मे वेतन साठवलेल्या खनिजाच्या लिलावातून देण्याचा आदेश दिला. मात्र तो खाणमालकांच्या हजेरीपटावरील कामगारांपुरता. ट्रकचालक, बार्जीवरचा खलाशी, गॅरेजातला मिस्त्री त्या पटावर नव्हते. 2018 साली 88 खाणपट्टे रद्द झाले, तेव्हा हीच माणसे सहा वर्षांनी अधिक वयस्क होती.

या इतिहासाचा बोध आमच्या मते साधा आहे. उतारवयातील कामगाराला दयेने क्वचितच तारले. तारले ते वहीतील नावाने. डिचोलीत खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. जुन्या हातांची नावे नव्या वहीत आहेत काय, हे पाहण्याचे काम आपलेही आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे याच हातांच्या श्रमावर उभी राहिली.